शिशाचे विष : भट्टीपासून पाळण्यापर्यंत

बंगळुरूची ओळख आज संगणकांचे शहर अशी आहे. भारतीय शहरांतील मुलांच्या रक्तात किती शिसे आहे, याची व्यापक आकडेवारी देशासमोर आली तीही याच शहरातून. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस बंगळुरूतील 'द जॉर्ज फाउंडेशन' या संस्थेने 'प्रोजेक्ट लेड-फ्री' ही पाहणी हाती घेतली. बंगळुरू, मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, हैदराबाद आणि वेल्लोर या सात शहरांतील वीस हजारांहून अधिक लोकांचे रक्त तपासण्यात आले. बारा वर्षांखालील निम्म्याहून अधिक मुलांच्या रक्तात प्रति डेसिलिटर १० मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त शिसे आढळले. बंगळुरूत हे प्रमाण सुमारे ४० टक्के होते, तर मुंबईत ६० टक्क्यांहून अधिक.

फेब्रुवारी १९९९ मध्ये बंगळुरूत भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत हे निष्कर्ष मांडण्यात आले आणि शिशाची विषबाधा हा केवळ कारखान्यातील कामगारांचा आजार आहे, हा समज मोडीत निघाला. तपासलेली बहुतांश मुले कारखान्याच्या आसपासही गेलेली नव्हती. तरीही कारखान्यातील विष त्यांच्या रक्तात उतरले होते.

डेसिलिटर म्हणजे शंभर मिलिलिटर आणि मायक्रोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा दहा लाखावा भाग. इतक्या सूक्ष्म प्रमाणात मोजला जाणारा पदार्थ मुलांची बुद्धी मंद करू शकतो, हे सहजासहजी पटत नाही. या विषाकडे होणाऱ्या दुर्लक्षाचे हे एक मोठे कारण आहे.

पेट्रोलमधून शिसे गेले

त्या काळी शहरी हवेतील शिशाचा मुख्य उगम पेट्रोल हा होता. इंजिन सुरळीत चालावे म्हणून पेट्रोलमध्ये टेट्राइथाइल लेड हे संयुग मिसळण्याची प्रथा १९२० च्या दशकात अमेरिकेत सुरू झाली आणि तेथून जगभर पसरली. वाहनांच्या धुरातून बाहेर पडणारे शिसे हवेत, रस्त्याकडेच्या मातीत आणि घरातील धुळीत साचत राहिले. भारतात १९९५ पासून चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले आणि फेब्रुवारी २००० पासून ते देशभर लागू झाले. अल्जीरिया या शेवटच्या देशाने २०२१ मध्ये शिसेयुक्त पेट्रोलची विक्री थांबवली.

या एका निर्णयाने मुलांच्या रक्तातील शिशाचे प्रमाण सर्वत्र घटले. तथापि प्रश्न संपला नाही. युनिसेफ आणि 'प्युअर अर्थ' या संस्थेने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातील सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक शिसे असावे, असा अंदाज आहे. त्यांपैकी सुमारे साडेसत्तावीस कोटी मुले भारतातील आहेत. पेट्रोलचा मार्ग बंद झाल्यानंतर शिसे इतर वाटांनी येत राहिले. या वाटांची सुरुवात बहुधा कोणाच्या तरी कामाच्या जागेपासून होते.

शरीर फसते कसे

मानवी शरीराला शिशाचा काहीही उपयोग नाही. लोह, जस्त, कॅल्शियम या धातूंची शरीराला गरज असते. शिशाचे अणू काही बाबतींत कॅल्शियमसारखे वागतात आणि तेथेच शरीर फसते. कॅल्शियमसाठी असलेल्या वाटेने शिसे पेशींत शिरते, मेंदूत पोहोचते आणि हाडांत जाऊन बसते. रक्तातील लाल रंगद्रव्य तयार करणाऱ्या काही विकरांचे काम ते बंद पाडते. परिणामी रक्तक्षय होतो. मज्जातंतूंमधील संदेशांच्या देवाणघेवाणीतही ते अडथळा आणते.

रक्तातील शिशाचे प्रमाण साधारण महिनाभरात निम्मे होते. हाडांत साठलेले शिसे मात्र वीस-तीस वर्षे टिकून राहू शकते. गरोदरपणात बाळासाठी आईच्या हाडांतील कॅल्शियम वापरले जाते. त्या वेळी तेथे दडलेले शिसेही रक्तात येते आणि वारेतून गर्भापर्यंत पोहोचते. एखाद्या मुलीने बालपणी श्वासावाटे घेतलेले शिसे अशा रीतीने पुढील पिढीच्या वाट्याला येऊ शकते.

प्रौढ व्यक्तीत शिशामुळे रक्तदाब वाढतो, मूत्रपिंडे निकामी होऊ लागतात, प्रजननक्षमता घटते. पोटात तीव्र कळा येणे, बद्धकोष्ठता, हिरड्यांवर निळसर-काळी रेघ उमटणे, मनगट लुळे पडणे ही जुन्या काळापासून ज्ञात असलेली लक्षणे आहेत. ती दिसेपर्यंत विषबाधा बरीच पुढे गेलेली असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार २०२१ मध्ये जगभरात १५ लाखांहून अधिक मृत्यूंचा संबंध शिशाशी होता आणि त्यांतील बहुतेक मृत्यू हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांमुळे झाले. अशा मृत्यूच्या दाखल्यावर शिशाचा उल्लेख क्वचितच आढळतो.

मुलांच्या बाबतीत धोका अधिक गंभीर असतो. पोटात गेलेल्या शिशापैकी जितके प्रौढांच्या शरीरात शोषले जाते, त्याच्या चार ते पाच पट मुलांच्या शरीरात शोषले जाऊ शकते. आहारात लोह आणि कॅल्शियम कमी असेल तर हे शोषण आणखी वाढते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत पाच वर्षांखालील ६७ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला होता. म्हणजेच कुपोषित मूल हे शिशाचे सर्वांत सोपे भक्ष्य ठरते. अशा मुलांची एकाग्रता कमी होते, शिकण्याची गती मंदावते, स्वभाव चिडचिडा होतो. घरी आणि शाळेत मात्र 'अभ्यासात लक्ष नाही' एवढेच निदान केले जाते.

सुरक्षित मर्यादा नाही

किती शिसे धोकादायक मानावे, याचे उत्तर गेल्या पन्नास-साठ वर्षांत सतत बदलत गेले. अमेरिकेत १९६० च्या दशकात मुलांच्या रक्तात ६० मायक्रोग्रॅमपर्यंत शिसे असले तरी ते चिंताजनक समजले जात नव्हते. ही मर्यादा पुढे ४०, ३०, २५ अशी खाली आली. १९९१ मध्ये ती १० झाली, २०१२ मध्ये ५ आणि २०२१ मध्ये साडेतीन. दर वेळी सूक्ष्म तपासणीतून कळत गेले की, ज्या पातळीला निर्धोक म्हटले होते तेथेही मेंदूचे नुकसान होत आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते शिशाची सुरक्षित म्हणता येईल अशी कोणतीही पातळी ज्ञात नाही. प्रमाण ५ मायक्रोग्रॅमपर्यंत पोहोचल्यास त्याचा उगम शोधून तो बंद करावा, असे संघटना सुचवते. बंगळुरूच्या परिषदेत १० हा आकडा गृहीत धरण्यात आला होता. आजच्या निकषाने त्या मुलांपैकी आणखी कितीतरी जण धोक्याच्या रेषेपलीकडे गेले असते.

बॅटरीचा दुसरा जन्म

जगात वापरल्या जाणाऱ्या शिशापैकी ८० टक्क्यांहून अधिक शिसे बॅटऱ्यांसाठी लागते. मोटार, रिक्षा, इन्व्हर्टर, दवाखान्यातील आणि कार्यालयातील अखंड वीजपुरवठ्याची यंत्रणा, मोबाइलचे मनोरे या सर्वांमागे शिसे-आम्ल बॅटरी असते. वीज गेली तरी संगणक बंद पडू नयेत, अशी अपेक्षा असलेल्या बंगळुरूसारख्या शहराला अशा बॅटऱ्या फार मोठ्या संख्येने लागतात. काही वर्षांनी प्रत्येक बॅटरी निकामी होते. तिच्या वजनातील निम्म्याहून अधिक वाटा शिशाचा असल्याने तिला भंगारात चांगला भाव मिळतो.

योग्य रीतीने केल्यास बॅटरीचे पुनर्चक्रीकरण हे उपयुक्त काम आहे, कारण शिसे पुन्हा पुन्हा वितळवून वापरता येते. त्यासाठी बंदिस्त यंत्रे, धूर शोषून गाळणारी व्यवस्था, आम्लावर प्रक्रिया आणि कामगारांची नियमित रक्ततपासणी आवश्यक असते. या सर्वांना पैसा लागतो. शिसे मात्र अवघ्या ३२७ अंश सेल्सिअसला वितळते, म्हणजे कोळशाच्या साध्या भट्टीवरही त्याचा रस होतो. त्यामुळे देशात अनेक ठिकाणी बॅटऱ्या कुऱ्हाडीने फोडल्या जातात, गंधकाम्ल गटारात किंवा मातीत ओतले जाते आणि आतील पट्ट्या उघड्यावर वितळवल्या जातात. त्यातून निघणारी वाफ थंड होऊन अतिसूक्ष्म कणांच्या रूपाने परिसरातील माती, पाणी, भाजीपाला आणि घरांवर बसते.

या क्षेत्रातील कामगारांच्या आरोग्याचा अभ्यास बंगळुरूत दीर्घकाळ होत आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेचे दक्षिण विभागीय केंद्र १९७७ पासून या शहरात कार्यरत आहे. बॅटरी उद्योगातील कामगारांच्या रक्तातील शिसे आणि त्याचे परिणाम हा केंद्राच्या संशोधनाचा एक विषय राहिला आहे. सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्राचे प्राध्यापक थुप्पिल व्यंकटेश यांच्या पुढाकाराने शिशाच्या विषबाधेसाठी राष्ट्रीय संदर्भ केंद्र उभे राहिले. 'भारताचे लेड मॅन' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या व्यंकटेश यांनी रक्तातील शिसे मोजण्याइतकाच भर त्याचा उगम शोधण्यावर दिला.

कपड्यांवरून घरात

उगम शोधत गेल्यावर बहुतेक वेळा तपास कामाच्या जागेपर्यंत पोहोचतो. भट्टीवर, बॅटरी दुरुस्तीच्या दुकानात किंवा जुन्या रंगाचे थर खरवडण्याच्या कामावर असलेल्या माणसाच्या कपड्यांवर, केसांत, नखांत आणि चपलांवर शिशाची धूळ बसते. कामाच्या जागी आंघोळीची आणि कपडे बदलण्याची सोय नसेल, तर तो त्याच कपड्यांत घरी येतो. दारात धावत आलेल्या मुलाला उचलून घेतो. त्याचे कपडे इतर कपड्यांबरोबर धुतले जातात. जमिनीवर रांगणारे मूल जे हाती लागेल ते तोंडात घालते. अशा प्रकारे बापाच्या अंगावरची धूळ मुलाच्या पोटात जाते.

व्यावसायिक आरोग्यशास्त्राचे जनक मानले जाणारे इटालियन वैद्य बर्नार्डिनो रामाझिनी यांनी १७०० मध्ये कामगारांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला. रुग्णाला 'तुम्ही काय काम करता' हा प्रश्न वैद्याने अवश्य विचारावा, असा त्यांचा आग्रह होता. आज त्याला आणखी एका प्रश्नाची जोड देण्याची गरज आहे. रक्तक्षय बरा न होणाऱ्या, पोट दुखते म्हणून वारंवार दवाखान्यात येणाऱ्या मुलाच्या बाबतीत 'घरातील मोठी माणसे काय काम करतात' हे विचारले गेले, तर अनेक निदाने वेळेत होऊ शकतील.

संगणकांचा कचरा

माहिती तंत्रज्ञानाच्या भरभराटीबरोबर बंगळुरूत या विषाचा आणखी एक स्रोत निर्माण झाला. विद्युत मंडलांतील सुटे भाग डाग देऊन जोडण्यासाठी पूर्वी सर्रास वापरल्या जाणाऱ्या मिश्रधातूत सुमारे ६० टक्के कथील आणि ४० टक्के शिसे असे. जुन्या, जाड काचेच्या संगणक पडद्यांत किलोभर किंवा त्याहून अधिक शिसे असू शकते. टाकून दिलेले संगणक भंगारवाल्यांमार्फत म्हैसूर रस्त्यालगतच्या गौरीपाळ्यसारख्या वस्त्यांत पोहोचू लागले. तेथे लहानशा खोल्यांत तारा जाळून तांबे आणि मंडले तापवून मौल्यवान धातू काढले जात.

जपानमधील एहिमे विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांचा सहभाग असलेला एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. बंगळुरूतील ई-कचरा पुनर्चक्रीकरणाच्या ठिकाणची माती, हवेतील धूळ आणि कामगारांचे केस त्यासाठी तपासण्यात आले होते. तेथील मातीत शिशासह तांबे, पारा, अँटिमनी यांसारख्या धातूंचे प्रमाण वाढलेले आढळले. कामगारांच्या केसांतही शिसे आणि कॅडमियम अधिक होते. शास्त्रीय पद्धतीने ई-कचरा हाताळणारा देशातील सुरुवातीचा प्रकल्प २००५ मध्ये बंगळुरूजवळ डाबसपेट येथे सुरू झाला. पुढे २०११ मध्ये ई-कचऱ्याविषयीचे नियम आले. आज लागू असलेले नियम २०२२ चे आहेत. उपकरणांतील शिशावर मर्यादाही घालण्यात आली आहे. परंतु जुनी उपकरणे अजूनही भंगारात येत आहेत.

घरातील ओळखीचे शिसे

मराठी माणसाला शिसे अनेक नावांनी परिचित आहे. पारंपरिक शेंदूर हे शिशाचे तांबडे ऑक्साइड असते. औषधी दुकानात मिळणारे मुरदाडशिंग म्हणजे शिशाचे पिवळसर ऑक्साइड होय. रंगकामातील जुना सफेदाही शिशाचेच संयुग होता. छापखान्यातील खिळे शिशाच्या मिश्रधातूचे ओतले जात. याउलट शिसपेन्सिलीत मात्र शिसे नसते, तेथे ग्रॅफाइट असते.

भांड्यांना कल्हई करताना वापरलेले कथील भेसळीचे असेल, तर त्यातील शिसे आमटी-सारासारख्या आंबट पदार्थांत उतरू शकते. हळदीला पिवळाधमक रंग यावा म्हणून त्यात लेड क्रोमेट मिसळण्याचे प्रकार भारतीय उपखंडात उघडकीस आले आहेत. काही प्रकारचे सुरमा आणि काजळ, तसेच काही पारंपरिक भस्मे यांतही शिसे आढळते. मूर्ती आणि खेळण्यांवरील भडक तांबड्या-पिवळ्या रंगांतून ते पाण्यात आणि मुलांच्या हातांवर येऊ शकते. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाखांत ९० भागांपेक्षा अधिक असू नये, असा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. औद्योगिक वापराच्या रंगांना तो लागू नाही. शिवाय जुन्या घरांच्या भिंती, दारे आणि खिडक्यांवर पूर्वीच्या रंगाचे थर कायम आहेत.

कायदा कोठे थांबतो

कामगारांच्या संरक्षणासाठी कायदे नव्हते असे नाही. १९४८ च्या कारखाने कायद्यातील अधिसूचित रोगांच्या यादीत पहिला क्रमांक शिशाच्या विषबाधेचा होता. असा रुग्ण आढळल्यास कारखाना निरीक्षकांना कळवणे डॉक्टरांवर बंधनकारक होते. कामाच्या जागेच्या हवेत प्रति घनमीटर ०.१५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक शिसे असू नये, अशी मर्यादा या कायद्यात होती. अमेरिकेत १९७८ मध्येच ही मर्यादा ०.०५ मिलिग्रॅम करण्यात आली होती.

खरी अडचण कायद्याच्या व्याप्तीची आहे. १९४८ च्या कायद्यानुसार वीज वापरणाऱ्या ठिकाणी किमान १० आणि वीज न वापरणाऱ्या ठिकाणी किमान २० कामगार असतील, तरच त्याला कारखाना म्हणत. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थितीविषयक संहितेत हे आकडे अनुक्रमे २० आणि ४० आहेत. शिशाची विषबाधा याही संहितेच्या रोगयादीत आहे. धोकादायक कामाच्या ठिकाणी एकच कामगार असला तरी संहिता लागू करण्याचा अधिकार सरकारकडे आहे. परंतु दोन-तीन माणसांनी मिळून चालवलेल्या, कोठेही नोंद नसलेल्या भट्टीपर्यंत निरीक्षक पोहोचणार कसा, हा प्रश्न उरतोच. त्या भट्टीशेजारी राहणारी मुले तर कामगार कायद्याच्या कक्षेत येतच नाहीत. हवेसाठी प्रदूषण नियंत्रण मंडळ, भट्टीसाठी कामगार खाते, हळदीसाठी अन्नसुरक्षा यंत्रणा आणि मुलासाठी आरोग्य विभाग अशी जबाबदारीची वाटणी झाली आहे. विष मात्र एकच आहे.

उपाय कोणते

अतितीव्र विषबाधेवर शिशाला बांधून लघवीवाटे बाहेर काढणारी औषधे आहेत. मुलांच्या रक्तातील प्रमाण ४५ मायक्रोग्रॅम किंवा अधिक असल्यास ती द्यावीत, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शन आहे. मात्र या औषधांनी मेंदूचे झालेले नुकसान भरून निघत नाही आणि मूल पुन्हा त्याच धुळीत परतले तर उपचारही वाया जातात. म्हणून पहिला उपचार म्हणजे विषाचा उगम बंद करणे हाच होय.

त्यासाठी अवघड तंत्रज्ञानाची गरज नाही. कामाच्या ठिकाणी पाणी आणि साबण, कामाचे कपडे तेथेच ठेवण्याची सोय, कोरड्या झाडूऐवजी ओल्या फडक्याने सफाई, भट्टीच्या जागी न खाणे-पिणे आणि धूम्रपान न करणे या साध्या गोष्टींनी कामगाराच्या शरीरात आणि त्याच्या घरात जाणारे शिसे बरेच कमी होते. मुलांना लोह आणि कॅल्शियमयुक्त आहार मिळाल्यास शिशाचे शोषण घटते. जुनी बॅटरी भंगारवाल्याला न विकता नवी घेताना विक्रेत्याकडे परत करणे प्रत्येक ग्राहकाला शक्य आहे. बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी २००१ च्या आणि त्यानंतरच्या २०२२ च्या नियमांनी उत्पादक आणि विक्रेत्यांवर टाकली आहे. तथापि भंगारवाला रोख पैसे अधिक देत असेल, तर नियम कागदावर राहतो. त्यामुळे अनौपचारिक भट्ट्यांवर केवळ छापे घालून भागणार नाही. त्यांतील कामगारांना सुरक्षित कारखान्यांत रोजगार मिळाला नाही, तर भट्टी एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत जाते आणि मागे विषारी माती ठेवून जाते.

बोटातील थेंबभर रक्तातून शिशाचे प्रमाण काही मिनिटांत सांगणारी उपकरणे उपलब्ध आहेत. अंगणवाडी आणि शाळेच्या आरोग्य तपासणीत मुलाची उंची, वजन, दृष्टी पाहिली जाते. बॅटरीच्या, रंगाच्या आणि भंगाराच्या वस्त्यांतील मुलांसाठी या यादीत शिशाचा समावेश झाला, तर कोणत्या गल्लीत विष आहे हे कळू शकेल. पंचवीस वर्षांपूर्वी सात शहरांची तपासणी झाली आणि तिने पेट्रोलच्या प्रश्नाचे गांभीर्य देशाच्या लक्षात आणून दिले. पेट्रोल बदलले, कारण मुलांच्या रक्तातील आकडे समोर होते. भट्टीशेजारच्या मुलांचे आकडे अद्याप कोणी नियमितपणे मोजत नाही.